रेट्रोव्हायरस आपल्या जनुकसंचाची प्रत काढताना दोनदा उडी का मारतो?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रेट्रोव्हायरसचे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर आरएनएवरून डीएनए बनवते, एवढे समजले. पण पाठ्यपुस्तकातील आकृतीत ते आरएनएच्या डाव्या टोकाजवळच कामाला लागते, जेमतेम १८० अक्षरे (म्हणजे न्यूक्लिओटाइड) लिहून होताच टोक संपते, मग ते उडी मारून उजव्या टोकाला जाते आणि पुढे आणखी एक उडी असतेच. एवढा वळसा कशासाठी? करोना विषाणूप्रमाणे आरएनएवरून सरळ आरएनएची प्रत का काढली जात नाही? आणि हे विकर बंद पाडणारे पहिले औषध १९८७ मध्येच मान्य झालेले असताना एचआयव्हीची औषधे आजही जन्मभर का घ्यावी लागतात?

हे तीन प्रश्न तुम्हाला वेगवेगळे वाटले असले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करताना आणि शिकवताना माझे असे मत बनत गेले की ही आकृती आपल्याकडे चुकीच्या ठिकाणापासून शिकवली जाते. विषाणूकणातील आरएनएपासून सुरुवात केली, तर त्या दोन उड्या म्हणजे निव्वळ पाठ करायची कसरत वाटते. त्याऐवजी आधीच्या पेशीत तो आरएनए कसा तयार झाला, तिथून सुरुवात केली की उड्या टाळता येण्यासारख्याच नव्हत्या हे आपोआप दिसते. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. उदाहरण एचआयव्ही-१ चे घेतो, कारण त्याची अक्षर न् अक्षर माहिती उपलब्ध आहे.

संसर्ग झालेल्या पेशीच्या गुणसूत्रात विषाणूचा डीएनए कायमचा शिवलेला असतो. त्याला प्रोव्हायरस म्हणतात. त्यावरून नवा आरएनए बनवण्याचे काम विषाणूचे कोणतेही विकर करीत नाही. ते काम पेशीचे स्वतःचे आरएनए पोलिमरेज-२ करते, म्हणजे आपल्या प्रथिनांचे संदेशवाही आरएनए लिहिणारे तेच विकर. हे विकर डीएनएवरील प्रमोटर नावाच्या भागावर येऊन बसते आणि त्याच्या पुढच्या अक्षरापासून लिहू लागते. मेख इथेच आहे. पाटावर बसून रांगोळी काढणाऱ्याला पाटाखालच्या जमिनीवर रांगोळी काढता येत नाही, त्याचप्रमाणे पोलिमरेज ज्या जागेवर बसते ती जागा तयार होणाऱ्या आरएनएमध्ये येत नाही. आपल्या नेहमीच्या जनुकांचे यामुळे काही बिघडत नाही, कारण संदेशवाही आरएनए प्रथिन तयार करून नष्ट झाला तरी मूळ डीएनए केंद्रकात शाबूत असतो. रेट्रोव्हायरसचे मात्र तसे नाही. त्याच्या दृष्टीने तो आरएनए हाच पुढच्या पिढीचा जनुकसंच असतो. त्यात प्रमोटर नसेल, तर पुढच्या पेशीत त्यावरून डीएनए तयार होईलही, पण तो कोणी वाचणार नाही आणि विषाणूचा वंश त्याच पेशीत संपेल.

विषाणूने यावर काढलेली तोड अशी की, प्रमोटरची एक प्रत जनुकसंचाच्या शेपटाकडेही ठेवायची. प्रोव्हायरसच्या दोन्ही टोकांना सारखाच, सुमारे ६३४ अक्षरांचा मजकूर असतो. त्याला एलटीआर (लाँग टर्मिनल रिपीट, टोकाचा लांब पुनरावृत्त भाग) म्हणतात. त्याचे तीन भाग पडतात, ते म्हणजे यू-३, आर आणि यू-५, आणि ते याच क्रमाने येतात. यू-३ सुमारे ४५५ अक्षरांचा असून प्रमोटर आणि त्याला चेतवणारे भाग त्यात असतात. आर सुमारे ९६ अक्षरांचा आणि यू-५ सुमारे ८३ अक्षरांचा आहे. पोलिमरेज-२ डाव्या एलटीआरच्या यू-३ वर बसते आणि आरच्या पहिल्या अक्षरापासून लिहू लागते, त्यामुळे डावा यू-३ आरएनएमध्ये येत नाही. उजव्या बाजूला आर संपताच आरएनए कापला जाऊन त्याला अॅडेनिन या अक्षराचे शेपूट लागते, त्यामुळे उजवा यू-५ त्यात येत नाही. म्हणजे तयार झालेल्या आरएनएची सुरुवात 'आर, यू-५' अशी आणि शेवट 'यू-३, आर' असा होतो. प्रमोटर आहे, पण नको त्या टोकाला. तो डोक्याकडे आणायचा आणि उजवीकडचा गळालेला यू-५ पुन्हा भरून काढायचा, एवढेच त्या दोन उड्यांचे काम आहे. म्हणूनच रेट्रोव्हायरसच्या बाबतीत प्रत मुळापेक्षा मोठी निघते: आरएनए सुमारे ९,२०० अक्षरांचा, तर त्यावरून तयार झालेला डीएनए सुमारे ९,७०० अक्षरांचा.

आता प्रत्यक्ष क्रिया पाहू. डीएनए लिहिणाऱ्या कोणत्याही विकराला कोऱ्या जागेवरून सुरुवात करता येत नाही. आधीच बसलेल्या एखाद्या तुकड्याचे मोकळे टोक त्याला लागते. एचआयव्ही त्यासाठी पेशीचाच एक लहान आरएनए वापरतो. लायसिन हे अमिनो आम्ल वाहून नेणारा हा वाहक आरएनए आधीच्या पेशीतून निघतानाच विषाणूकणात भरून घेतलेला असतो. त्याच्या शेवटची १८ अक्षरे जनुकसंचावरील यू-५ च्या लगेच पुढच्या १८ अक्षरांशी जुळतात. उंदरांत रक्ताचा कर्करोग करणाऱ्या रेट्रोव्हायरसमध्ये याच जागी प्रोलिनचा, तर कोंबडीच्या राउस सार्कोमा विषाणूत ट्रिप्टोफॅनचा वाहक आरएनए असतो. कामगार बदलला तरी काम तेच.

वाहक आरएनएच्या टोकापासून विकर यू-५ आणि आर यांची डीएनए प्रत लिहिते आणि आरएनएचे टोक संपल्यामुळे थांबते. तुम्ही म्हणता ती १८० अक्षरे हीच. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला आणखी एक हत्यार असते. त्याच्या एका टोकाला आरनेज-एच नावाचा भाग असतो आणि डीएनएशी जोडी जमलेला आरएनए तो कापून टाकतो. त्यामुळे नुकताच वाचून झालेला मजकूर कापला जातो आणि डीएनएचा तो लहानसा ऋण धागा (आरएनएची उलट, जोडीची प्रत) उघडा पडतो. त्याच्या मोकळ्या टोकावर आरची उलट प्रत असते आणि आर तर जनुकसंचाच्या उजव्या टोकालाही आहे. भजनात कडवे संपले की ध्रुपदावर यावे आणि ध्रुपदावरून पुढच्या कडव्याला लागावे, तसा हा धागा उजव्या टोकाच्या आरवर जाऊन बसतो. पहिली उडी ती ही. मग विकर यू-३ लिहिते आणि डावीकडे सरकत सरकत संपूर्ण जनुकसंच वाचत अखेर त्या १८ अक्षरांच्या जागेपाशी येऊन थांबते. या उडीमुळे यू-३ हा भाग यू-५ आणि आर यांच्या शेजारी आला, हे लक्षात घ्या. एलटीआरचे तीन तुकडे पहिल्यांदाच सलग जुळले.

हे चालू असताना आरनेज-एच मागचा आरएनए कापत येते. एक तुकडा मात्र त्याच्याने कापला जात नाही. यू-३ च्या अगदी अलीकडे पंधरा-सोळा अक्षरांचा एक पट्टा असतो आणि त्यात केवळ अॅडेनिन व ग्वानिन असते. त्याची डीएनएशी बसणारी जोडी वेगळ्या ठेवणीची असते आणि ती या कात्रीत नीट बसत नाही. हा उरलेला तुकडाच दुसऱ्या, म्हणजे धन धाग्याची सुरुवात करून देतो. त्यापासून विकर यू-३, आर आणि यू-५ लिहिते आणि पुढे, ऋण धाग्याच्या टोकाला अजून चिकटून असलेल्या वाहक आरएनएमध्येच शिरून त्याचीही १८ अक्षरे उतरवून घेते. एकोणिसाव्या जागी त्या वाहक आरएनएमध्ये मिथिल गट लागलेले अॅडेनिन असते. त्याच्याशी जोडी जमत नाही, त्यामुळे विकराला तिथे थांबावेच लागते. पेशीने स्वतःच्या वाहक आरएनएवर स्वतःच्या कारणासाठी केलेली ही खूण विषाणूने थांब्याची पाटी म्हणून वापरली आहे. या विषयात इतकी वर्षे घालवूनही या तपशिलाचे मला अजून कौतुक वाटते.

यानंतर आरनेज-एच वाहक आरएनए काढून टाकते. आता धन धाग्याच्या टोकाला १८ अक्षरे उघडी आहेत आणि ऋण धाग्याच्या टोकाला त्यांच्याशी जुळणारी १८ अक्षरे आहेत. ती एकमेकांवर बसतात, ही दुसरी उडी. मग दोन्ही धागे एकमेकांच्या आधाराने पूर्ण होतात आणि दोन्ही टोकांना संपूर्ण एलटीआर असलेला सरळ, दुपदरी डीएनए तयार होतो. डाव्या टोकाला यू-३ परत आला आणि उजव्या टोकाला यू-५ परत आला. एचआयव्हीमध्ये जनुकसंचाच्या मध्यावरही तसाच एक न कापला जाणारा पट्टा आहे. त्यामुळे धन धागा दोन ठिकाणांहून लिहिला जातो आणि मध्ये सुमारे १०० अक्षरांचे एकावर एक आलेले पान उरते. ते पुढे पेशीची दुरुस्ती यंत्रणा नीट करते.

शेपटाचा यू-३ डोक्याकडे जातो, याचा पुरावा हवा असेल तर जनुकोपचाराकडे पाहा. रेट्रोव्हायरसमधील रोगकारक जनुके काढून त्याजागी उपयोगी जनुक घातले की तो वाहक म्हणून वापरता येतो. गेल्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये जन्मजात रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर असा उपचार झाला. त्यात उंदराच्या विषाणूपासून बनवलेला, एलटीआर शाबूत ठेवलेला वाहक वापरला होता. मुलांची प्रतिकारशक्ती सुधारली, पण काही मुलांमध्ये हा वाहक एलएमओ-२ या जनुकाजवळ जाऊन बसला, त्याच्या एलटीआरने ते जनुक भलत्या वेळी चालू केले आणि त्यातून रक्ताचा कर्करोग झाला. त्यानंतर सर्वत्र रुळलेले वाहक वेगळ्या पद्धतीने बनवतात: फक्त उजवीकडच्या, म्हणजे शेपटाच्या यू-३ मधला प्रमोटर आणि त्याला चेतवणारे भाग कापून टाकतात. प्रयोगशाळेत वाहक तयार होताना डावीकडचा प्रमोटर काम करतो. पण रुग्णाच्या पेशीत उलट प्रतिलेखन, म्हणजे आरएनएवरून डीएनए लिहिण्याचे काम, झाले की शेपटाची तुटकी प्रत दोन्ही टोकांना जाते आणि एलटीआर कायमचे मुके होतात. एका टोकाला कात्री लावली आणि प्रमोटर दोन्ही टोकांचा गेला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या भारतातील पहिल्या कार-टी या कर्करोगावरील उपचारातही रुग्णाच्या टी पेशींत (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींत) नवे जनुक घालण्यासाठी लेंटिव्हायरसचा, म्हणजे एचआयव्हीच्याच कुळातील विषाणूचा, वाहक वापरला जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. करोना किंवा पोलिओचा विषाणू आरएनएवरून आरएनए लिहिणारे विकर स्वतःच्या जनुकसंचात घेऊन येतो. त्याला केंद्रकाची गरज नसते, आणि त्यामुळे पेशी मेली की त्याची तिथली खूणही पुसली जाते. रेट्रोव्हायरसने नेमका दुसरा मार्ग धरला. त्याने स्वतः एकदाच डीएनए बनवायचा आणि पुढचे सगळे लिखाण पेशीवर सोपवायचे. ही कल्पना मूळची हॉवर्ड टेमिन यांची. राउस सार्कोमा विषाणूची वाढ अॅक्टिनोमायसिन-डी या औषधाने थांबते, असे त्यांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसले. हे औषध डीएनएवरून आरएनए लिहिण्याची क्रिया अडवते. आरएनए विषाणूच्या वाढीला त्याने बाधा येण्याचे कारणच नव्हते, जोपर्यंत विषाणूचा मार्ग डीएनएमधून जात नाही. बहुतेकांनी ते मानले नाही. पुढे टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांना, तसेच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डेव्हिड बाल्टिमोर यांना, हे विकर विषाणूकणातच सापडले. दोघांचे निबंध 'नेचर'च्या २७ जून १९७० च्या अंकात शेजारी शेजारी छापले गेले आणि १९७५ मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांना रेनातो डुलबेको यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जाता जाता एक गोष्ट सांगतो. करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेल्या 'आरटी-पीसीआर'मधील 'आरटी' म्हणजे हेच रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. करोना विषाणूकडे ते नसते. चाचणीच्या संचात ते आपण घालतो आणि त्यातले बरेचसे उंदराच्या रेट्रोव्हायरसच्या विकरावरून घडवलेले असते.

या विकराचा हात कच्चा आहे. लिहिलेले अक्षर तपासून चुकीचे असल्यास खोडण्याची सोय त्याच्याकडे नाही. एचआयव्हीच्या एका फेरीत साधारणपणे ३०,००० अक्षरांमागे एक चूक होते, म्हणजे ढोबळ मानाने दर तीन नव्या जनुकसंचांपैकी एकात एक बदल. हे ऐकायला थोडे वाटते. पण उपचार न घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरात दिवसाला सुमारे १,००० कोटी विषाणूकण तयार होतात, असा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्या हिशेबाने जनुकसंचातील कोणताही एका अक्षराचा बदल कुठे ना कुठे रोजच घडत असतो. हे विकर अडवणारे लॅमिव्हुडिन हे औषध निष्प्रभ करायला विकराच्या १८४ व्या जागी मेथायोनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आले की पुरते आणि त्यासाठी एकच अक्षर बदलावे लागते. एकाच औषधावर रुग्णाला ठेवू नये, या नियमामागे हे साधे अंकगणित आहे. शिवाय प्रत्येक विषाणूकणात आरएनएच्या दोन प्रती असतात आणि विकर लिहिता लिहिता एकीवरून दुसरीवर जाते, हेही विसरू नये. आरवरची उडी ही या सवयीचाच एक ठरलेला प्रकार आहे. एरवी वाटेतही अशा उड्या पडतात. एका प्रतीचा धागा तुटला असला तरी त्यामुळे काम निभावते आणि एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले असतील तर त्यांचे गुण पुढच्या फेरीत एकत्र होतात.

पेशीही स्वस्थ बसत नाही. एपोबेक-३जी हे प्रथिन विषाणूकणातून प्रवास करून नव्या पेशीत पोहोचते आणि ऋण धागा एकेरी असताना त्यातील सायटोसिनचे युरॅसिल करते. परिणामी धन धाग्यात ग्वानिनच्या जागी अॅडेनिन येत जाते आणि जनुकसंच वाचण्यासारखा राहत नाही. एचआयव्हीचे व्हिफ हे प्रथिन एपोबेकला पेशीतच नष्ट करवते. सॅमएचडी-१ हे दुसरे प्रथिन डीएनएच्या विटाच संपवते, म्हणून विश्रांतीत असलेल्या टी पेशीत आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमध्ये उलट प्रतिलेखन रखडते. एचआयव्ही-२ कडे त्यावर व्हीपीएक्स नावाचा उतारा आहे, एचआयव्ही-१ कडे नाही.

ही सगळी क्रिया कुठे होते, याबाबत मात्र तुमचे पाठ्यपुस्तक जुने झाले आहे. पेशीत शिरताच विषाणूचे कवच, म्हणजे कॅप्सिड, सुटते आणि उघड्या पेशीद्रवात डीएनए लिहिला जातो, असे आम्हीही शिकलो आणि शिकवले. हे कवच सुमारे १२० नॅनोमीटर लांब आणि रुंद बाजूला ६० नॅनोमीटर असलेला शंकू असून तो सुमारे २५० षट्कोन आणि नेमक्या १२ पंचकोनांनी बनलेला असतो. एवढा शंकू केंद्रकाच्या छिद्रातून जाणार नाही, असे गृहीत धरले गेले होते. २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामांतून, विशेषतः क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने घेतलेल्या, गोठवलेल्या पेशींच्या त्रिमितीय चित्रांतून, छिद्र पुरेसे रुंद असल्याचे आणि शंकू अखंड आत जात असल्याचे दिसले. डीएनए लिहिण्याचे काम पूर्ण होते ते बव्हंशी केंद्रकात, त्याच बंद शंकूत. हे पटण्याजोगेही आहे, कारण दोन उड्यांसाठी सगळे धागे एकाच लहान जागेत कोंडलेले असणे सोयीचे आहे आणि परक्या डीएनएचा वास घेणाऱ्या पेशीच्या पहारेकऱ्यांपासून तो लपलेलाही राहतो. लेनाकापाविर हे नवे औषध याच शंकूच्या घड्यांत बसते. सहा महिन्यांतून एकदा टोचायचे हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत उपचारासाठी आणि २०२५ मध्ये संसर्ग टाळण्यासाठी मान्य झाले.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तयार डीएनएच्या दोन्ही टोकांवर इंटिग्रेज हे विकर बसते, प्रत्येक टोकावरून दोन अक्षरे कापते आणि उघडे पडलेले टोक गुणसूत्राच्या डीएनएमध्ये घुसवते. दोन्ही बाजूंची घुसवण पाच अक्षरांच्या अंतराने होत असल्याने विषाणूच्या दोन्ही कडांना पेशीची तीच पाच अक्षरे दुहेरी होऊन उरतात. उंदराच्या विषाणूत हे अंतर चार अक्षरांचे आहे. जागा ठरलेली नसते, पण एचआयव्ही वाचनात असलेल्या जनुकांना पसंती देतो. पेशीचे एलईडीजीएफ हे प्रथिन त्याला तिकडे नेते. डोलुटेग्राव्हिर हे औषध इंटिग्रेजच्या कार्यस्थानातील दोन मॅग्नेशियम आयन पकडून ही शिवण अडवते. मग अडलेल्या डीएनएची टोके पेशीच जोडून टाकते आणि दोन एलटीआर शेजारी असलेली वर्तुळे तयार होतात. एके काळी ही वर्तुळेच गुणसूत्रात शिरतात असे मानले जाई. प्रत्यक्षात ती वाट पुढे कुठेच जात नाही.

एकदा शिवण पूर्ण झाली की तो डीएनए पेशीचाच होतो. सातबाऱ्यावर फेरफार नोंदला गेला की पुढचा प्रत्येक उतारा त्या नोंदीसहच निघतो. तसे ती पेशी दुभंगताना पेशीचे स्वतःचे, अचूक डीएनए पोलिमरेज प्रोव्हायरसचीही प्रत काढते. त्या वेळी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजचा काहीच संबंध येत नाही. आपल्याच जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या, पूर्वजांच्या बीजपेशींत शिवल्या गेलेल्या रेट्रोव्हायरसचे अवशेष आहे आणि गर्भाची वार घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन त्यांच्याच आवरणाच्या जनुकातून आले आहे.

शिवणीनंतरच्या टप्प्यांवर फार रेंगाळत नाही. प्रोव्हायरसवरून सुरुवातीला निघणारे आरएनए बहुधा अर्धवटच राहतात. टॅट हे विषाणूचे प्रथिन नव्या आरएनएच्या डोक्याकडील टीएआर या घडीला चिकटून पोलिमरेजला पुढे रेटते, आणि रेव्ह हे प्रथिन मधले तुकडे न कापलेला, पूर्ण लांबीचा आरएनए केंद्रकाबाहेर काढते. विषाणूचे गॅग प्रथिन बनताना रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारे पेशीचे यंत्र, साधारण वीसपैकी एका वेळी एक अक्षर मागे घसरतो आणि तेव्हाच गॅग-पोल हे लांब प्रथिन निघते. विकरे त्यातूनच मिळतात. कण बाहेर पडल्यावर विषाणूचे प्रोटिएज हे विकर ही प्रथिने कापते आणि शंकू जुळतो, तोवर तो कण संसर्ग करू शकत नाही.

औषधांची यादी आता या वाटेवर ठेवून पाहा. १९८७ चे ते पहिले औषध म्हणजे झिडोव्हुडिन; त्याच्या साखरेवर पुढचे अक्षर जोडण्याची कडीच नाही, त्यामुळे धागा तिथे संपतो. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन हेच काम करतात. इफाव्हिरेन्झ विकराच्या कार्यस्थानाशेजारच्या खोबणीत बसून त्याची हालचाल आखडवते. डोलुटेग्राव्हिर शिवण अडवते आणि प्रोटिएजची औषधे नवे कण कच्चे ठेवतात. ही सर्व औषधे नव्या पेशीत शिवण पूर्ण होण्याआधी काम करतात. आधीच शिवलेल्या प्रोव्हायरसला यांपैकी एकही औषध हात लावत नाही. विषाणू तयार करणाऱ्या पेशी एक-दोन दिवसांत मरतात, म्हणून औषधे सुरू होताच रक्तातील विषाणू झपाट्याने घटतो. पण काही टी पेशी लागण झाल्यावर विश्रांतीत जातात. त्यांच्यात एनएफ-कप्पा-बी हा चालक, म्हणजे जनुके चालू करणारे प्रथिन, केंद्रकात नसतो, त्यामुळे यू-३ गप्प असतो. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या 'सी' उपप्रकारात या चालकासाठी यू-३ वर साधारणपणे तीन जागा असतात, पाश्चात्त्य देशांतील 'बी' उपप्रकारात दोन. पेशी जागी झाली की प्रमोटरही जागा होतो. या साठ्याचे अर्धे होण्याचे मान सुमारे ४४ महिने आहे; केवळ औषधांवर तो संपायला ७० वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यातले बहुतेक प्रोव्हायरस सदोष असतात हे खरे, पण जे थोडे अखंड असतात त्यांच्यापासून औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत विषाणू परत उसळतो.

म्हणून व्हायरल लोडच्या अहवालावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असे आले आणि नातेवाइकांनी आनंदाने "म्हणजे निगेटिव्ह झाला ना?" असे विचारले, की मला थांबून समजावून सांगावे लागते. ती चाचणी रक्तद्रवातील आरएनए मोजते. तो दिसत नाही ही फार चांगली गोष्ट आहे आणि ही स्थिती टिकली तर लैंगिक संबंधांतून विषाणू जोडीदाराकडे जात नाही. पण पेशीतील डीएनए ती चाचणी पाहतच नाही. याउलट बाधित मातेच्या बाळात आईच्या प्रतिपिंडांमुळे १८ महिन्यांपर्यंत साधी चाचणी फसवी ठरू शकते. म्हणून सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचाच शोध घेतात आणि त्यात पेशीत शिवलेला हा प्रोव्हायरसही सापडतो.

परीक्षेसाठी आकृती काढाल तेव्हा पहिली ओळ प्रोव्हायरसची काढा आणि यू-३ लाल, आर काळा, यू-५ निळा असे रंग ठरवा. त्याखाली पोलिमरेज-२ ने लिहिलेला आरएनए काढा. त्यात डावीकडचा लाल आणि उजवीकडचा निळा भाग नसेल. त्यानंतर ऋण धागा काढताना पहिल्या उडीचा बाण काळ्या भागावरून काळ्या भागावर न्या आणि दुसऱ्या उडीचा बाण वाहक आरएनएच्या १८ अक्षरांवर ठेवा. शेवटच्या ओळीत दोन्ही टोकांना लाल, काळा, निळा हा क्रम पुन्हा आला नाही, तर एखादा बाण उलट्या दिशेने काढला गेला आहे असे समजा. माझ्या अनुभवात ती चूक बहुधा धन धाग्याच्या सुरुवातीला होते.